पस्तिसावी वाकळ

(वडाळ्यात तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसं नंतर लिहून काढलं आहे. भाषा जिथं घसरली तिथं घसरू दिली आहे.)



पत्रकावर माझ्या नावापुढं 'कवितावाचन' असं छापलंय. आज मी कविता वाचणार नाही. या वर्गाचा विषय शिक्षण आणि चळवळ असा आहे आणि माझं शिक्षण मॅट्रिक, त्याच्यापुढं गोदी. तेव्हा शिक्षणावर मी मोठं काही सांगावं असं नाही. मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलतो. मला एक बोर्डिंग ठाऊक आहे. आटपाडीतलं. तिथं मी पाच वर्षं जेवलो, झोपलो, मार खाल्ला आणि दहावी झालो. त्या बोर्डिंगाचं नाव घेणार नाही. नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, ते एक बोर्डिंग तसलं होतं. तसं नाही. आणि मी आज तक्रार सांगायला आलोय ती बोर्डिंगाची नाही, आपली आहे. पहिली तर माझी.

आटपाडी तुमच्यातल्या काहींना दोन कारणांनी माहीत असेल. एक, माडगूळकर बंधू. ते जवळच्याच माडगुळ्याचे. दुसरं, स्वतंत्रपूर. आटपाडी औंध संस्थानात होती तेव्हा, १९३९ साली, तिथं कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, गजांचं दार नाही. कैद्यांनी शेती करायची, बायकापोरांना जवळ ठेवायचं. त्याच्यावरूनच शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' निघाला आणि त्याची कथा गदिमांची. जगाला हे माहीत आहे. तिसरं कारण माहीत असायला हवं आणि बहुतेकांना नसतं. आटपाडीच्या महारवाड्यात १९२१ साली एका तराळाच्या घरी शंकरराव खरात जन्मले. गावाची तराळकी करणाऱ्या बापाचं पोरगं मराठवाडा विद्यापीठाचं कुलगुरू झालं, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष झालं. त्यांचं 'तराळ-अंतराळ' १९८१ साली आलं. मी ते वाचलं मुंबईत, गोदीतल्या एका दोस्ताकडून आणून. ज्या गावात तो माणूस वाढला त्या गावातल्या बोर्डिंगात पाच वर्षं काढून मला त्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. आणि गंमत बघा, गावाशेजारी खुन्यांच्या खोलीला कुलूप नाही आणि आमच्या बोर्डिंगात ज्वारीच्या कोठीला दोन कुलपं.

आता थंडीचं सांगतो, कारण सगळं त्या थंडीत घडलं.

माणदेश म्हटलं की लोकांना ऊन आठवतं, दुष्काळ आठवतो. तिथली माघाची थंडी कुणी सांगत नाही. उघडा माळ. आडोशाला बाभळ नाहीतर बोराटी. दुपारी बाराला सदरा काढून टाकावा वाटतो आणि पहाटे चारला दातावर दात वाजतात. आमची झोपायची एकच लांब खोली, वर पत्रा. दिवसा पत्रा तापायचा, रात्री गार पडायचा आणि सगळ्या पोरांच्या श्वासाची वाफ त्याला धरून पहाटे थेंब ठिबकायचे. अंगावर घरची वाकळ. आयांनी जुन्या लुगड्यांची शिवलेली. पोरापरत एक वाकळ आणि एक पत्र्याची पेटी, एवढाच संसार.

एक वाकळ असली की काय होतं ते ज्यांनी काढलंय त्यांना कळेल. एकट्यानं झोपलं तर निम्मी अंथरायची, निम्मी पांघरायची. मग पाठ तरी उघडी पडते नाहीतर पाय तरी. दोघं एकत्र झोपले तर एकाची वाकळ खाली, एकाची वर. उबेला उब. म्हणून दिवाळीनंतर आमच्यात जोड्या लागायच्या.

२०१२-१३ साली मी दहावीला होतो. बोर्डिंगात पोरं पस्तीस. त्यात आम्ही बौद्धांची वीस, मातंगांची दहा, चांभारांची चार आणि होलाराचं एक. दिघंची, करगणी, खरसुंडी, निंबवडे, सगळीकडची पोरं. हाक मारायची ती गावाच्या नावानं. दिघंचीकर, करगणीकर. आडनाव घ्यायचं नाही अशी आमचीच रीत. कुणी पाहुणा आला की अधीक्षक सर कौतुकानं सांगायचे, आमच्या पोरांना एकमेकांची जात सुद्धा माहीत नाही.

माहीत नव्हती? अरे, रात्री दिवा गेल्यावर जोड्या बघायच्या. पस्तीस पोरांच्या सतरा जोड्या. दहा जोड्या भिंतीकडच्या, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या. पाच खिडकीकडच्या. दोन मधल्या. आणि दाराजवळ, जिथनं वारं शिरतं तिथं, एक पोरगं एकटं. होलाराचं. त्याला आम्ही झरेकर म्हणायचो. कुणी विचारलंच तर आमच्याकडं हिशेब तयार होता, पस्तीस ही विषम संख्या आहे, कुणीतरी एक उरणारच. गणितच तसं, आमचा काय दोष? पण एखादा बौद्ध पोरगा घरी गेला की आम्ही चौतीस व्हायचो. सम संख्या. मग सतरा जोड्या लागायला पाहिजेत की नाही? लागायच्या नाहीत. सोळा लागायच्या. दोघं एकएकटे कुडकुडत पडायचे, एक भिंतीकडं आणि एक दाराजवळ. गणित बदललं तरी उत्तर तेच यायचं. हे कुणी आम्हाला शिकवलं नव्हतं. बामण नव्हता तिथं, पाटील नव्हता, सरपंच नव्हता. आम्हीच होतो. चौदा एप्रिलला निळा झेंडा घेऊन आटपाडीच्या पेठेतनं घसा फुटेस्तर ओरडणारे आम्हीच.

हा झरेकर दहावीत माझ्या शेजारच्या बाकावर. बाप सनई वाजवायचा, हा हलगी. लग्नसराईत दोन-दोन दिवस गायब. पण पोरगं डोक्यानं तल्लख. सनावळ्या पाठ करायची त्याची एक तऱ्हा होती. पेटीवर बोटांनी ठेका धरायचा आणि त्यात साल बसवायचं. एकोणीसशे चौदा, एकोणीसशे एकोणीस, एकोणीसशे एकोणचाळीस. प्रत्येक सालाचा ठेका वेगळा. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात साल आधी बोटांतनं शिरलं, मग पुस्तकातनं. त्याचा ठेका आम्हाला चालत होता. वाकळ चालत नव्हती.

ते साल दुष्काळाचं. माणदेशात पाऊस दडी मारतोच, पण त्या वर्षी शाळू उगवलाच नाही म्हटलं तरी चालेल. जनावरं चारा-छावणीत, त्यांच्याबरोबर माणसंही छावणीत. ज्यांना जनावरं नाहीत त्यांची आईबापं दसऱ्यापासून ऊसतोडीला, वाळवा-कऱ्हाडच्या पट्ट्यात, मुकादमाची उचल फेडत. आता टेंभूचं पाणी तालुक्यात आलंय, पण तेव्हा प्यायचं पाणी टँकरनं. बोर्डिंगाला त्या पाण्याचे तीन बॅरल. आंघोळ आठवड्यातनं एकदा. खरूज सगळ्यांना, जात न बघता.

जानेवारीच्या झेंडावंदनानंतर एका संध्याकाळी अधीक्षक सरांनी आम्हाला ओळीत बसवलं. म्हणाले, "पोरांनो, बिल वर अडकलंय. दुकानदार उधारी देईना. घरनं दहा-दहा किलो दाणं आणा. न्हाईतर बिल निघूस्तर घरी जावा."

बिल म्हणजे काय, तर अनुदान. तेव्हा सरकार एका पोरामागं महिन्याला ९०० रुपये द्यायचं. दिवसाला तीस रुपये. त्यात दोन जेवणं, नाष्टा, जळण, साबण. आणि तेही वेळेवर नाही. सरांचं स्वतःचं मानधन कित्येक महिने थकलेलं. स्वयंपाकाची बाई तर आधीच छावणीवर गेली होती. सरांना मी शिव्या दिल्या होत्या तेव्हा. आता देत नाही. तो माणूसही आमच्यासारखाच पत्र्याखाली झोपत होता.

घरी जावा म्हणाले. कुठल्या घरी? आम्ही त्या रात्री मोजलं. चौदा पोरांच्या घराला कुलूप. आईबाप उसात नाहीतर छावणीत. आणि दहावीची परीक्षा महिन्यावर. मग आम्ही दहावीच्या चौघांनी सगळ्यांना बसवलं. ती माझ्या आयुष्यातली पहिली मीटिंग. ठरलं असं की ज्यांच्या घरी दाणं आहेत त्यांनी वीस किलो आणायचे, ज्यांच्या घराला कुलूप आहे त्यांनी पाणी, जळण आणि दळण बघायचं. कुणीही घरी जायचं नाही. स्वयंपाक पाळीपाळीनं.

पुढं मुंबईत आल्यावर मला कळलं की हे काही आम्ही नवीन काढलं नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान पोरं एका ठिकाणी, आपलं आपण रांधणारी. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधी तिथं आले आणि बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथंही दाणे संपायचे. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आमच्या वेळी मोडायला कुणाकडं काही नव्हतं. ज्याच्या घरी दोन पायली हुलगं होतं त्यानं ते आणलं, एवढंच.

पहिल्या रात्रीच्या भाकरीची पाळी झरेकराची आली. आली म्हणजे, त्याच्याइतकी भाकरी कुणालाच येत नव्हती. आई रानात, बाप ताफ्यात, लहानपणापासनं घरी तोच थापायचा. काठवटीत पीठ मळलं, पाऊणशे भाकरी थापल्या. हुलग्याचं माडगं केलं. पंगत बसली. आणि आमच्या भिंतीकडच्या ओळीतल्या एकानं ताट सरकवलं. म्हणाला, पोट दुखतंय. त्याच्याशेजारच्याचंही दुखायला लागलं. मग तिसऱ्याचं. असं दुखत दुखत ते माझ्यापर्यंत आलं. आणि दोस्तांनो, मीही म्हणालो, माझंबी पोट दुखतंय.

झरेकर काठवट पुसत होता. त्यानं वर बघितलं. चिडला नाही. म्हणाला, "पोट दुखतंय व्हय? मग पाणीबी पिऊ नगा. टँकरवरनं ते म्याच आणलंय. सकाळधरनं पेताय."

कुणी बोललं नाही. पाचवीतलं एक बारकं पोरगं खुदकन हसलं आणि खायला लागलं. मग खिडकीकडची ओळ खायला लागली. आम्ही सात-आठ जण तसेच उठलो. रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर, मी अंधारात बुट्टीपाशी गेलो आणि गार भाकरी चोरून खाल्ली. उघड्यावर खायची लाज वाटली, चोरून खायची वाटली नाही. माझ्या बापाला आणि आज्याला गावानं जे केलं ते सगळं मी त्या एका वाक्यात त्याला केलं होतं, आणि वर त्याचीच भाकरी चोरली होती.

दुसऱ्या दिवशी कुणाचं पोट दुखलं नाही. हा काही आमचा हृदयपालट नव्हता. भूक होती. भुकेला क्रांती म्हणायची आपल्याकडं फार सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

आठवडाभरानं ते पाचवीतलं पोरगं तापानं फणफणलं. लाईट नाही, भारनियमन. झरेकरानं त्याला उचलून आपल्या वाकळेत घेतलं. दुसऱ्या रात्री आणखी दोन बारकी पोरं त्याच्याकडं सरकली. थंडीला काय, ती जिकडं उब तिकडं ढकलते. चार-पाच दिवसांत जोड्या मोडल्या. खोलीच्या मध्यभागी एकच लांब बिछाना पडला. अठरा वाकळा खाली, सतरा वर. पस्तीस. कुणाची वाकळ कुठली ते सकाळी घडी घालताना कळायचं. रात्री मधेच झरेकर पेटीवर हलकेच बोटं वाजवायचा आणि अंधारातनं कुणीतरी साल सांगायचं. अभ्यास असा मी पुन्हा कधी केला नाही. तीन आठवडे. माझ्या आयुष्यात जातीविना काढलेले दिवस मोजायचे झाले तर एवढेच, एकवीस-बावीस.

मग बिल निघालं.

दाणे आले. गूळ आला. स्वयंपाकाची बाई परत आली. सरांनी आम्हाला शाबासकी दिली. आणि तिसऱ्या की चौथ्या रात्री मी आपली वाकळ उचलली आणि भिंतीकडं नेली. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या जोडीदारानंही नेली. खिडकीकडचे खिडकीकडं गेले. झरेकरानं कुणाकडं न बघता आपली वाकळ दाराजवळ टाकली. पुन्हा सतरा जोड्या. पुन्हा विषम संख्या.

त्यानंतर रविवारी तो घरी गेला. बापाच्या छातीत दुखायला लागलं होतं, लग्नाच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. दोन दिवसांत येतो म्हणाला. आला नाही. परीक्षेचं हॉलतिकीट आलं, त्याचं माझ्याकडं ठेवायला दिलं. मी ते घेऊन एसटीनं झऱ्याला गेलो. घर गावाच्या कडेला. आई एकटी होती. म्हणाली, "ह्यांला आता सनई फुंकवत न्हाय. पोरगं गेलंय हलगी घिऊन सांगोल्याकडं. परीक्षा म्होरल्या साली दील की." मी हॉलतिकीट दिलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. मग पाण्याचा तांब्या आणला, आणि पुढं करता करता थांबली. विचारलं, "बाळा, तुमास्नी आमचं पाणी चालतंय न्हवं?"

मी पंधरा वर्षांचा होतो. हा प्रश्न माझ्या आईनं गावातल्या किती दारांत मनातल्या मनात विचारला असेल. तो प्रश्न कुणीतरी मला विचारेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पाणी प्यालो. काय बोललो ते आठवत नाही.

'म्होरलं साल' आलं नाही. झरेकर परीक्षेला बसला नाही. मी बसलो. इतिहासाच्या पेपराला मी बाकावर बोटं वाजवत होतो म्हणून पर्यवेक्षकानं मला दटावलं. आपल्याकडं म्हणतात, महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते. त्या वर्षी शिवरात्र आमच्या परीक्षेतच आली. थंडी गेली. शिवाशिव गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही तुझी गोष्ट झाली. चळवळीचं काय? चळवळीचंच सांगतोय.

बाबासाहेबांनी १९२५ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं, सोलापुरात वसतिगृह काढलं. सभा स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे तळ्याच्या आधी बोर्डिंग आलं. त्याच्याही आधी, १९०८ साली, शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. आणि आपली पँथर? १९७२ साली तिकडं माणदेशात लोक दुष्काळी कामावर खडी फोडत सुकडी खात होते आणि इकडं याच वडाळ्यात, सिद्धार्थ विहारच्या वसतिगृहातल्या खोल्यांमध्ये, पोरं रात्र-रात्र जागून पँथरच्या गोष्टी करत होती. सिद्धार्थ विहार हे बोर्डिंगच होतं. आपली संघटना कुठल्या कचेरीत जन्मली नाही, ती कॉटवर बसून, एकाच्या ताटातलं दुसऱ्यानं खात जन्मली.

हे आपल्यापेक्षा वरच्यांना जास्त चांगलं कळतं. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांना शिक्षा काय दिली आठवतं? वर्गात बसायला बंदी नव्हती. वसतिगृहातनं काढलं. एकत्र जमायच्या जागा बंद केल्या. जानेवारीच्या थंडीत पोरं उघड्यावर झोपली आणि त्या जागेला त्यांनी नाव दिलं वेलीवाडा, म्हणजे आपला महारवाडा. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. शिकू द्या, पण एकत्र राहू देऊ नका. पुस्तकाची भीती नाही त्यांना, पंगतीची आहे.

पण थांबा. इथं टाळ्या नकोत. कारण १९३६ साली, जातिसंस्थेच्या निर्मूलनावरच्या त्या न झालेल्या भाषणात, बाबासाहेबांनीच सांगून ठेवलंय की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही. ती माणसाच्या मनातल्या श्रद्धेत असते. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या बोर्डिंगात येऊन गेला की काय. तीन आठवडे एका पंगतीत जेवलो, एका वाकळेत झोपलो आणि पोट भरल्यावर आपापल्या भिंतीला गेलो. गोदीतही तेच बघतो. दोघांनी एक गोण धरली की जात आडवी येत नाही, कारण सोडली तर दोघांच्याही पायावर पडते. डबे उघडायची वेळ झाली की टोळीची कोंडाळी होतात.

मग बोर्डिंगाचा उपयोग काय? उपयोग हा, की मनातलं तिथं दिसतं. सभेत नाही दिसत. मोर्चात आपण सगळे दलित असतो. घोषणेत सगळे भाऊ. रात्री दिवा गेल्यावर वाकळ कुणाजवळ टाकली ते बोर्डिंगातच दिसतं. आणि दिसलं तर बदलायला सुरुवात करता येते. त्या वर्षी आम्हाला ते दिसलं होतं, पण त्याच्याकडं बोट दाखवणारं कुणी नव्हतं. सर दमलेले. संघटना चौदा एप्रिलला यायची, हार घालायची, पेढे वाटून जायची. एखादा कार्यकर्ता माघात एक रात्र आमच्यात झोपला असता तर त्याला कळलं असतं आणि त्यानं विचारलं असतं, "का रे, हे पोरगं दाराजवळ का?" एवढं विचारलं असतं तरी कदाचित झरेकर मॅट्रिक झाला असता. कदाचित नसता. पण आईनं तांब्या धरून तो प्रश्न विचारला नसता.

सरकारनं २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली. दहावीनंतर ज्यांना सरकारी वसतिगृह मिळत नाही त्यांच्या खात्यात पैसे. घ्यावेत. हक्काचे आहेत, सोडू नका. पण खात्यात पैसे आले म्हणजे बोर्डिंग आलं असं कुणी समजू नये. पैशानं भाड्याची खोली मिळते, त्या खोलीत कुणाला घ्यायचं ते आपण ठरवतो. बौद्ध बौद्धाला घेतो, मातंग मातंगाला. दाराजवळचं पोरगं मग दिसतसुद्धा नाही, ते दुसऱ्याच गल्लीत असतं. आणि पाचवी-सहावीच्या पोरांना, ज्यांची आईबापं सहा महिने उसात असतात, त्यांना खात्यातले पैसे भाकरी थापून देत नाहीत. पोरींचं तर बोलायलाच नको. माझी बहीण सातवीत थांबली, कारण जवळपास पोरींचं बोर्डिंग नव्हतं. तिची वाकळ मी घेऊन गेलो होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. अनुदान दिवाळीच्या आत पोचलं पाहिजे, त्यासाठी निवेदन नाही, धरणं धरायचं. दुष्काळी तालुक्यात पोरींचं बोर्डिंग झालं पाहिजे. प्रत्येक बोर्डिंगात कोठीची किल्ली पोरांच्या समितीकडं पाहिजे. आणि झोपायच्या जागा, वाढायच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या पाहिजेत, दर महिन्याला नव्यानं. हसू नका. आमच्याकडं चिठ्ठ्या असत्या तर विषम संख्या दर महिन्याला वेगळ्या पोराच्या वाट्याला आली असती. आणि आपण, संघटनेनं, चौदा एप्रिलला हार घेऊन जायच्याऐवजी माघात एक-एक रात्र मुक्कामाला जायचं. वाकळ बरोबर न्यायची नाही. जो देईल त्याची पांघरायची.

प्रश्न असतील तर विचारा. पण त्याआधी एक करा. मघापासनं बघतोय. या हॉलात तुम्ही कोण कुणाजवळ बसलाय, ते जरा मान वळवून बघा. दाराजवळ कोण बसलंय तेही बघा.

बघितलं? आता उठा आणि जागा बदला. मग बोलू.

जयभीम.